मंगळवारचे गैरहजर

८ जानेवारी १९९१, मंगळवार

औषध कंपनीच्या माणसाने दिलेली ही डायरी आठ दिवस टेबलावर लोळत होती. आज उघडली, कारण केंद्राच्या रजिस्टरात जे लिहिता येत नाही ते कुठेतरी ओकायला हवं. तिथं सरकारी भाषा: रुग्ण आला, रुग्ण गेला. माझं पित्त खवळलं हे कुठल्या रकान्यात लिहू?

तर आजपासून आमच्या आरोग्य केंद्रात दर पंधरवड्याला मंगळवारी दाताचे डॉक्टर येणार. पोरगेलेसे आहेत, बोलणं कन्नड, मराठी तोडकंमोडकं, मी इथं ते सरळ करून लिहितो. कन्नडात दाताला हल्लु म्हणतात, म्हणून लोकांनी दुपारच्या आतच त्यांना ‘हल्लीन डाक्टर’ करून टाकलं. खुर्ची आली, दिवा आला, चिमटे आले. बावीस वर्षं मी इथं कंपौंडर म्हणून गोळ्या बांधतोय, या रानात एवढी चांगली गोष्ट आलेली मी पाहिली नाही. माझा थोरला भाऊ यशवंत दाढेच्या सुजेनेच गेला. एकोणीस वर्षांचा होता. आमच्या खानापूरकडच्या गावात लोहाराने सांडशीने दाढ उपटली आणि चौथ्या दिवशी आम्ही त्याला उचलला. त्यामुळे खुर्ची ट्रकातून उतरली तेव्हा मी स्वतःच्या पैशाने नारळ फोडला.

पहिल्याच दिवशी पणसमळचा झिलू आला. कुणबी, तिशीचा गडी, रानात लाकूडतोडीला जातो. खालची दाढ किडून गाल टरारलेला. साहेबांनी तोंडात आरसा घातला तर हा खुर्चीतून उठायला लागला. मी मागून डोकं आवळलं. साहेब म्हणाले, जबडा जरा उघडून धरा. मी बोट घातलं आणि रांडेच्याने कचकन चावलं! रक्त आलं हो. साहेब हात धुवायला मागे गेले तेवढ्यात मी त्याच्या कानाखाली एक सणसणीत ठेवून दिली. ती नेमकी सुजलेल्या बाजूला बसली, पण मी काय बाजू बघून मारली नव्हती. झिलू एकदम गप. नुसते डोळे भरून आले.

साहेब परत येऊन म्हणाले, “आता कसा छान बसला!” मी म्हणालो, “सवय करावी लागते साहेब.”

सूज उतरल्याशिवाय दाढ काढता येत नाही म्हणे. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि २२ तारखेची चिठ्ठी. चिठ्ठी त्याने लांबूनच हात ताणून घेतली आणि मागच्या मागे दाराकडे सरकला. रानात वाघाच्या वाटेने जाणारा माणूस आणि दाताला एवढा भितो!

२२ जानेवारी, मंगळवार

अकरा जणांना चिठ्ठ्या, आले चार. झिलू नाही.

म्हादू, आमचा जीपचा ड्रायव्हर, म्हणतो की उळवीच्या जत्रेची गर्दी सुरू झालीय, बस वरपर्यंत भरून येते आणि आडवाटेच्या थांब्यांवर थांबतच नाही. मग पाय काय देवाने पूजेला दिलेत? चौदा किलोमीटर म्हणजे काय काशी? साहेब दिवसभर त्या नव्याकोऱ्या खुर्चीशेजारी स्टूलावर बसून राहिले. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इकडे निरोप जातो तो बसने. कंडक्टर थांब्याथांब्यावर खिडकीतून ओरडून सांगतो. संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरला मी म्हटलं, “पणसमळच्या झिलूला सांग, पाच तारखेला आला न्हाई तर बत्तीशी घशात घालीन म्हणावं!”

कंडक्टर म्हणाला, “मंग हल्लीन डाक्टरला कामच काय ऱ्हाणार वो?” सगळी बस हसली. मलाही हसू आलं.

घरी मंगलला सांगितलं. माझी बायको एरवी असल्या गोष्टीला पोट धरून हसते. आज नाही हसली. म्हणाली, “अवो, ही मानसं तुमच्या-माझ्या गावची न्हाईत. आपल्यात बाप पोराला मुडदा बशिवला म्हणतोय आन् पुढ्यात भाकरी सारतोय. हितं बोललं ते खरं धरत्यात.”

“बावीस वर्षं असाच बोलतोय मी.”

“तेच म्हंते मी.”

बायकांना काही सांगायला जाऊ नये.

५ फेब्रुवारी, मंगळवार

बारा चिठ्ठ्या, तीन हजर. डोक्याची शकलं व्हायची पाळी आली.

वरून कागद आलाय. पुढच्या दोन खेपांत निम्म्याहून जास्त लोक गैरहजर राहिले तर दाताचे डॉक्टर इथं यायचे बंद. खुर्ची दुसरीकडे हलवणार. साहेबांनी कागद मला वाचायला दिला आणि विचारलं, “पुंडलिक, लोक का येत नाहीत? मी काही चुकतोय का?” किती साधा माणूस! मी म्हणालो, “साहेब, तुमचं काय चुकतंय? ही जातच उलट्या काळजाची. दुखलं तर दारू लावतील, डाग देतील, पण सरळ वाटेने येणार नाहीत.”

खुर्ची हलली तर पुढची सूज आलेला माणूस कुठं जाणार? परत लोहाराकडे?

आज कंडक्टरला सगळ्या गैरहजरांची नावं वाचून दाखवली. एकेकाला वेगळा निरोप. वासूला तंगडी मोडून हातात देतो म्हणून, रुक्माम्हातारीला झिंज्या धरून आणतो म्हणून, आणि झिलूला, हातपाय बांधून आणीन म्हणून. कंडक्टर म्हणाला, “आदल्या टायमाला बत्तीशीचं सांगितलं तवा थांब्यावरची मानसं उठून गेली वो. हसली न्हाईत.”

हसायला अक्कल लागते.

७ फेब्रुवारी, गुरुवार

झिलूची बायको आली होती. गिरजा नाव. पहाटे निघून चालत आलेली, डोक्यावर मुडलीच्या कंदांचं गाठोडं. ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि भिंतीला लागून उभी राहिली. त्यांच्या कोकणीत म्हणाली, “कंपौंडर बाब, गोळ्यो दियात. गाल परत सुजला तागेला.”

मी म्हटलं, “गोळ्या त्याला मिळतील, तुला न्हाईत. सूज बघितल्याबिगर गोळ्या द्यायला हे काय चण्याफुटाण्याचं दुकान हाय? त्याला येऊ दे.”

“येना तो. भियेता.”

“दाताला एवढं भ्यायचं? बाप्या हाय का कोण हाय?”

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “ताका मारूं नाकात, बाब.”

मला हसावं का रडावं कळेना. मारतोय कोण! म्हटलं, “मी काय पोलीस हाय? त्याच्याच भल्यासाठी घसा फोडतोय न्हवं? जा, एकोणीस तारखेला घिऊन ये. न्हाई आला तर मग मात्र बघ.”

तिने मान हलवली आणि आली तशी गेली. गोळ्या द्यायला हव्या होत्या का, असं क्षणभर वाटलं. पण अशा गोळ्या दिल्या की सूज तात्पुरती उतरते आणि मग माणूस कधीच खुर्चीत बसत नाही. यशवंताला पण असंच कायबाय देत बसले होते. कंद घरी नेले. मंगलने रस्सा केला, झकास झाला होता.

१३ फेब्रुवारी, बुधवार

मंगल ओढ्यावरून धुणं घेऊन आली ती तोंड पाडून. तिथं एक कुणबीण रडणाऱ्या लेकीला गप करत होती म्हणे: “वगी राव, पुंडलिक कंपौंडर येता.” आणि पोरगी खरोखर गप झाली.

मी मोठ्याने हसलो. म्हटलं, एवढी वर्षं नोकरी केली, निदान नाव तरी झालं.

मंगल म्हणाली, “एकदा तुमचंबी तोंड त्या डाक्टरला दावा. दात चांगलं हाईत, पर आतलं काय तरी किडलंय.” आणि धुणं वाळत घालायला गेली ती तासभर आत आली नाही. असलं बोलणं माझ्या बापाने ऐकून घेतलं नसतं. मी ऐकून घेतो, म्हणून शेफारलीय.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

डाव्या हाताला सात टाके आहेत. उजवा ठीक आहे, म्हणून लिहू शकतो. परवाचं सगळं जसं झालं तसं लिहितो. जबाबात मी थोडक्यात सांगितलं होतं.

मंगळवारी सकाळी केंद्र उघडायच्या आत झिलूचा भाऊ वासू दारात. धावत आलेला, छाती भात्यासारखी हलत होती. दादा दोन दिवस पाणी गिळत नाही, तोंड उघडत नाही, मान फुगलीय, जीभ वर आलीय. साहेब बसमधून उतरतच होते. ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, “पुंडलिक, सूज जबड्याखाली गेली की श्वास बंद होतो. एका दिवसात माणूस जातो. जीप घेऊन जा, आत्ता. मी इथं सगळी तयारी करून ठेवतो, मोठ्या इस्पितळात न्यायची सोय पण बघतो. पण गोड बोलून आणा.”

एवढंच ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे यशवंत उभा राहिला. त्याची मान अशीच झाली होती. मी म्हटलं, काही झालं तरी याला मरू द्यायचा नाही. मेला तर मी मारीन त्याला. असंच म्हटलं मी, म्हादूसमोर.

वाटेत वासू सारखा एकच सांगत होता. “बाब, तुमी गाडयेंत बसा. हांव हाडतां ताका.” मी म्हटलं, “तू आणणार असतास तर महिन्यामागंच आणला असतास.”

पणसमळला पोचलो. झिलू अंगणात खांबाला टेकून बसला होता, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर. तोंडातून लाळ गळत होती. गालावर डाग दिलेले दोन काळे चट्टे. जीप बघितली तोवर तसाच होता. मी उतरलो आणि हा उठून पळाला! गोठ्यामागून सरळ रानात. त्या मानेने, त्या श्वासाने! मी मागे. चढावर त्याला गाठला तर मागे वळून कोयता फिरवला. माझा हात कोपरापासून उघडा पडला. मांस दिसलं. मग माझंही भान सुटलं. लाथ घातली पोटात. खाली पडला. कोयता हिसकून फेकला, दोन-तीन मुस्काटात हाणल्या, केस धरून ओढत अंगणात आणला. गिरजा पायांवर पडली, तिलाही पायाने बाजूला सारलं. गोठ्यातलं गायीचं दावं सोडून त्या दाव्याने मी याचे हात बांधले, पाय बांधले. माझ्या रक्ताने दावं निसरडं झालं होतं, दोनदा गाठ सुटली. वाडीतली पंधरा-वीस माणसं कुंपणाशी उभी होती. एक पुढे आला नाही. 

जीपच्या मागच्या भागात खाली त्याला उताणा घातला आणि मी वर बसलो. वासूला पुढे बसवला. म्हादूला म्हटलं, हाण.

रस्त्यात तो उठायला बघत होता. बांधलेला माणूस, पण कमरेतून उसळी मारायचा. मी ढकलून पाडायचो. परत उसळी. पाच-सहा वेळा तरी झालं. अंगात कुठली ताकद होती कोण जाणे. शेवटी मी गुडघा त्याच्या छातीवर रोवला आणि म्हटलं, “पळतोस व्हय? आता कुठं पळतोस? तुला जगवणार मी, सुक्काळीच्या, जगवणार!” त्याचे डोळे माझ्यावर होते. एवढे मोठे डोळे मी माणसाचे बघितले नाहीत. वासू पुढून मागे वळून बोलत होता, “बसूं दियात ताका, बाब. बसूं दियात.” मी म्हटलं, “तू गप, न्हाईतर तुझीबी तंगडी मोडतो.” वासूने तोंड पुढे वळवलं.

नाल्याच्या वळणाच्या पुढे झिलू शांत झाला. मला वाटलं, दमला. आली अक्कल एकदाची. मी त्याच्या कपाळावरचा घामसुद्धा पुसला माझ्या टॉवेलने.

केंद्रात साहेब दारातच उभे होते. त्यांनी डोळ्याची पापणी वर केली, मनगट धरलं, छातीला कान लावला. मग मानेत सुरीने चीर देऊन नळी घालून बघितली. बराच वेळ काहीतरी करत होते. सगळं झाल्यावर दाव्याकडे बघितलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “निजवून आणलात?”

“हो साहेब. पळत होता. जीपमध्येही सारखा उठायला बघत होता.”

“बसला होता का घरी? पुढे वाकून?”

“हो.”

“तसाच बसून तो श्वास घेत होता, पुंडलिक. आडवा केला की जीभ मागे पडते. तो पळत नव्हता. बसायला बघत होता.”

हे मला कुणी आधी सांगितलं होतं? बावीस वर्षांत कुणी शिकवलं? गोळ्या बांध म्हणाले, गोळ्या बांधल्या. आणा म्हणाले, आणला. मला काय माहीत?

वासूने सांगितलं होतं.

पोलिसांपुढे जबाब झाला. माझा हात उघडाच होता, त्यामुळे मला सगळ्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली. वासूला विचारलं तर तो जमिनीकडे बघून म्हणाला, “भाव दुयेंसान मेलो.” आजाराने मेला. दुसरं अक्षर बोलला नाही. मी शेजारीच उभा होतो.

मंगल दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. टाक्यांवरची पट्टी मात्र बदलते.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

गिरजा आली. मला वाटलं शिव्या देईल, अंगावर धावून येईल. रात्रंदिवस तीच तयारी करत होतो मी, काय बोलायचं, कसं बोलायचं. यावी आणि माझं थोबाड फोडावं, असंसुद्धा वाटत होतं. खरं सांगतो.

ती दारात उभी राहून म्हणाली, “दावें आमचें, बाब. गाय बांदूंक ना.”

दावं मागच्या खोलीत पडलं होतं. रक्त वाळून कडक झालेलं. मी ते दोनदा धुतलं, पिळलं. डाग गेला नाही. तिच्या हातात दिलं. आता बोल पुंडलिक, म्हटलं. यशवंताचं सांग तिला. पण तोंडातून निघालं ते एवढंच, “बस. चा पिऊन जा.”

ती तत्काळ खाली बसली. चहा ठेवला तर उकळता चहा एका दमात प्यायली, ओठ भाजले असतील. कप ठेवला आणि बसूनच राहिली. बराच वेळ. मला कळेना ही जात का नाही. मग लक्षात आलं, मी ‘जा’ म्हणायची ती वाट बघत होती.

“जा बाई,” म्हटलं. तेव्हा उठली.

५ मार्च, मंगळवार

आज खुर्चीचा निकाल लागणार होता. निम्मे आले नाहीत तर दाताचे डॉक्टर बंद. मी कुणालाही निरोप धाडला नव्हता. कंडक्टरने मागच्या आठवड्यात विचारलं होतं, काय सांगू? मी म्हटलं, काही नको. आता खुर्ची जाते तर जाऊ दे, मला वाटलं.

साडेसातला केंद्र उघडायला गेलो. पडवी भरलेली. भिंतीला लागून ओळीने बसलेली माणसं, बाकावर, जमिनीवर, पायऱ्यांवर. बोलणं नाही, खोकणं नाही. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी. जानेवारीतली, फेब्रुवारीतली, घामाने भिजलेली. काहींजवळ चिठ्ठी नव्हती, ते तसेच आले होते. वासू होता. रुक्माम्हातारी होती. तिला विचारलं, “कुठला दात दुखतोय?” तिने तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता, तिची चिठ्ठी कवळीच्या मापाची होती. कवळी नको म्हणाली. नाव होतं म्हणून आली, म्हणाली.

नावं वाचली. एकतीस. एकही गैरहजर नाही. झिलूचं नाव यादीत तसंच होतं, मी ते गाळून पुढचं वाचलं.

साहेब आले. पडवीत थबकले. गेल्या खेपेपासून त्यांच्या बोलण्यात पूर्वीसारखं काही उरलेलं नाही. म्हणाले, “पुंडलिक, यांना काय सांगितलंत?”

“काही नाही साहेब.”

“खरं सांगा.”

“शपथ घेतो साहेब. काहीच नाही सांगितलं.”

ते आत गेले. आजची हजेरी मांडायला रजिस्टर हवं होतं. ते वरच्या फळीवर असतं, बाकाच्या डोक्यावर. मी पुढे झालो आणि ते काढायला उजवा हात वर केला.

बाकावरची सगळी माणसं एकदम वाकली. डोकी गुडघ्यांत, हात कानांवर. वासू, म्हातारी, सगळी. पलीकडे जमिनीवर बसलेलीसुद्धा.

 मी हात वर धरून तसाच उभा राहिलो. तो खाली कसा आणावा, तेच मला कळेना.